चूलबंद आवतन

मेहरूण, जळगाव
३ नोव्हेंबर

लोटनभाऊस भाईदासचा रामराम.

माझ्या गावच्या घराच्या वास्तुशांतीच्या भरिताचा खरा हिशेब काल पहिल्यांदा मांडला. वांगी दीड क्विंटल. कपाशीच्या पऱ्हाट्या बैलगाडीभर. हिरवी मिरची बारा किलो, लसूण सहा, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. लोकांना सांगताना मी इथंच थांबतो. पण त्याला आणखीही लागलं होतं. हातगाडीपासूनची तुझी तेवीस वर्षांची सोबत लागली, बेबावहिनीच्या हातचा रविवारचा चहा लागला, आणि गेली चौदा वर्षं तुझ्या धुळ्याच्या गाडीत मी एकदाही बसलो नाही, तेही त्यातच धरायचं. एवढं महाग भरीत जळगावात दुसऱ्या कोणी केलं नसेल.

तू फोन घेत नाहीस. परवा दुसऱ्याच्या नंबरवरून केला. तू ‘कोण?’ म्हणालास, मी ‘भाईदास’ म्हणालो, तुमच्या कुकरची एक शिट्टी ऐकू आली आणि फोन बंद. शिट्टीवरून सांगतो, डाळ होती आणि पाणी कमी होतं. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. कमलचं उन्हाळ्यात पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आता बरी आहे, म्हणजे पूर्वीसारखी माझ्यावर डाफरते. दवाखान्यात तिनं मला न विचारता नवस बोलून ठेवला. चंपाषष्ठीला, म्हणजे येत्या सव्वीस तारखेला, आपल्या गावी भरीत-भाकरीची पंगत. आणि आवतन कसं, तर चूलबंद. घरटी एक नाही, नुसती पुरुषमाणसं नाहीत. तान्ह्या पोरापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत बठ्ठा गाव, त्या दिवशी कोणी घरी विस्तव पेटवायचा नाही. दोनशे बारा घरं आहेत. मी म्हणालो, होऊन जाऊ दे. त्या दिवशी गावात एका घरातून धूर निघणार नाही, लिहून घे. भाईदास भरीतवाल्याचा शब्द आहे.

पण तिनं एक अट घातलीय. पहिलं आवतन तुझ्या घरी. तुमचा होकार आल्याशिवाय ती पऱ्हाटीला काडी लावू देणार नाही. बाई हट्टी आहे, तुला माहीत आहे.

शिवाय मला तुझा अंदाज हवा आहे. तू नुसती नजर फिरवून सांगायचास, इतकी माणसं, इतकी वांगी. माझ्याकडे आज अठरा माणसं कामाला आहेत, पण ती नजर एकालाही नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी कमी पडलं, हे खरं. माणसं जास्त आली. आता त्यावर काथ्याकूट नको. तेवढं उत्तर धाड.

भाईदास

---

मेहरूण
९ नोव्हेंबर

लोटनभाऊ,

पत्र पोहोचलं असणार. पोस्टातल्या पोरीला तीनदा विचारलं. ती म्हणाली, “काका, कोर्टाची नोटीस धाडलीय का? एवढी घाई कसली?” मी हसलो, पण घरी आलो तर जेवण गेलं नाही. भरीतवाल्याला जेवण गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कमी येतं, असा माझा समज आहे, म्हणून दोन घास ढकलले.

सतरा दिवस उरले. बामणोदची वांगी सांगून ठेवायची तर आजच सांगायला हवी. किती सांगू? तीन क्विंटल लिहितो नि खोडतो, चार लिहितो नि खोडतो. पाऊस लांबला, वांग्यांत अळी आहे, दहा किलोत दोन किलो फेकावी लागतात. ही सगळी बोलायची कारणं झाली. खरं कारण मला माहीत आहे.

तू त्या दिवशी दोन क्विंटल म्हणाला होतास. मी दीड आणली. तू गाडीतून वांगी उतरवताना म्हणालास, “भाईदास, वांगा कमी पडतीन.” मी म्हणालो, “पडू दे रे भो, पहिली पंगत भाकरीवरच पोट भरते.” आणि मग शेवटच्या पंगतीला पातेलं खरवडायची वेळ आली तेव्हा मांडवात सगळ्यांसमोर मी काय म्हणालो? “लोटनभाऊचा अंदाज या वेळी चुकला.” हसत म्हणालो. माझं हसणं लोकांना आवडतं. लोक हसले.

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. कमलनं वाचून पाहिलं आणि पाकीट माझ्या पुढ्यात परत टाकलं होतं. मी तसंच डकवून धाडलं.

तुझ्या कानावर आलं असेल, मी दर गुरुवारी दवाखान्यांतल्या पेशंटच्या नातेवाइकांना फुकट जेवू घालतो. शंभर पानं. दहा वर्षं झाली, एक गुरुवार चुकला नाही. साधंच असतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत नाहीतर डाळ, वर ठेचा. बाहेरगावच्या माणसाला परक्या शहरात गरम भाकरी मिळाली की तो आधी तिला हात लावून बघतो, मग तोडतो. ते बघत उभं राहायला मला फार बरं वाटतं. मागच्या वर्षी लोकांनी शाल-नारळ दिला, कोणीतरी मला अन्नदाता म्हणालं. घरी येऊन मी शाल खुर्चीवर टाकली तर कमल म्हणाली, “अन्नदाते, त्या शंभर पानांत लोटनभाऊचं एक पान धरू नका हं. ते वेगळं द्यावं लागेल.”

मग ती म्हणाली, “आणि गावी या वेळी मागची खोली उघडी ठेवायची.”

त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

उत्तराची वाट बघतोय.

भाईदास

---

मेहरूण
१५ नोव्हेंबर

लोटनभाऊ,

काल कार्ड आलं. अक्षर तुझं नाही. चारच ओळी आहेत.

“काका, आबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा झाला, दुसरा बाकी आहे. पत्रं मी वाचून दाखवते. आबा विचारतात, माणसं खरंच जास्त आली होती का? — दिपमाला.”

मी कार्ड घेऊन गल्ल्यावर बसलो होतो. माणूस पुरी मागत होता, मी त्याला बडीशेप दिली.

दिपमाला, बेटा, म्हणजे हे सगळं तू वाचते आहेस. मला वाटत होतं, हे तुझ्या आबाच्या नि माझ्यामधलं आहे. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. हिरवा परकर होता, खिशात चिंचोके होते, चालताना वाजायचे. म्हणजे आता पुढचं मला तुझ्या तोंडून त्याला सांगायचं आहे. रात्रीपासून तीन कागद फाडले. वाचताना थांबावंसं वाटलं तर थांब. पण सोडू नकोस.

माणसं जास्त आली नव्हती. सहाशे सांगितली होती, सहाशेच आली. दीड क्विंटलात ओढाताण झाली असती, पण कोणी कोरडं गेलं नसतं. मी तीन पातेली भरीत नि दोन टोपल्या भाकरी मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घातलं होतं. हॉटेलच्या कागदांवर ज्यांच्या सह्या लागणार होत्या ते साहेब लोक येणार होते. त्यांना खरवडलेल्या पातेल्यातून वाढायचं कसं? आपल्या माणसांचं काय, ती समजून घेतात.

तुमची शेवटची पंगत होती. राबणारे शेवटी बसतात. तुझे आबा पहाटेपासून जाळापाशी, तुझी आई दीडशे भाकरी थापून उठलेली. आणि आवतन मीच दिलं होतं, तुमच्या दारात उभं राहून. “बेबावहिनी, चूलबंद बरं का. पोरीलाही घेऊन या, घरी काही करायचं नाही.” ती म्हणाली होती, “भाऊजी, तुमनं घरनं काम, मी कसाले चूल पेटावसू?”

पातेलं संपल्यावर तुझे आबा मागच्या खोलीपाशी आले. मी आतल्या बोळात उभा होतो, भिंतीच्या आड. त्यांनी मला पाहिलं नाही, मला सगळं ऐकू येत होतं. मला हलवायाच्या दुकानात पाक झालेला आवाजावरून कळतो, तर हे का कळणार नाही? त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. कमलला विचारलं, “कुलूप कसाले लायेल शे?” मी कमलला आधीच पढवून ठेवलं होतं. ती म्हणाली, “आत दागिने आहेत, भाऊ.”

भरिताचा वास दाराखालून येत होता. भाजल्या वांग्याचा वास लोटन ओळखणार नाही?

मग तू विचारलंस, “माय, आते जेवसूत ना आपन?” आणि तुझी आई म्हणाली, “हां, घर जाईसन.”

मी भिंतीच्या आड तसाच उभा राहिलो. किल्ली माझ्या खिशात होती. चार पावलं होती. तुमच्या चपलांचा आवाज अंगणातून गेला, चिंचोके वाजले. मग मी बाहेर आलो आणि मांडवातल्या लोकांना ते अंदाजाचं वाक्य बोललो. ते तुमच्या कानावर दुसऱ्या दिवशी गेलं असेल.

साहेब लोक आलेच नाहीत. सकाळी खोली उघडली तर भरीत आंबलं होतं. मी ते मागच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली, कोणी बघायच्या आत.

चार वर्षांपूर्वी तुझी आई गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आलो नाही. तिच्या दहाव्याला काय तोंड घेऊन जेवणार होतो?

आता काही लपवलेलं नाही. पत्राच्या मागच्या बाजूला कमलनं ‘खरं आहे’ असं लिहून सही केली आहे. तिलाच करायची होती.

भाईदास

---

मेहरूण
१९ नोव्हेंबर

लोटनभाऊ,

काल मी धुळ्याला येऊन गेलो. तुला माहीत नाही.

कमल म्हणाली, पत्रातलं आवतन हे आवतन नव्हे, दारात उभं राहून तोंडानं द्यावं लागतं. म्हणून सकाळच्या गाडीनं निघालो. देवपुरात पत्ता विचारत आलो. तुमच्या दाराशी जाई लावली आहे, दार लोटलेलं होतं, आत पंखा होता. हात कडीकडे नेला आणि आतून माझंच पत्र ऐकू आलं.

दिपमाला वाचत होती. दागिन्यांपर्यंत आली होती. तिचा आवाज सरळ होता, दवाखान्यात नाव पुकारतात तसा. मग ती थांबली. तू म्हणालास, “ती कुलूपनी ओळ परत वाच.” तिनं वाचली. तू म्हणालास, “परत.” तिनं तिसऱ्यांदा वाचली. मग खाट करकरली. दिपमाला म्हणाली, “आबा, पाणी देऊ?” तू म्हणालास, “माले म्हायती व्हतं.”

एवढंच. तुला माहीत होतं. चौदा वर्षं तुला माहीत होतं, आणि तू कोणाला बोलला नाहीस. जळगावात एका माणसाला जरी बोलला असतास तरी माझ्या कानावर आलं असतं. माझ्या कानावर सगळंच येतं.

कडी मी वाजवलीच नाही. मी दाराशी हळू म्हणालो, “सव्वीसला चूलबंद आहे, भाऊ. तुम्ही दोघं.” पंख्याच्या आवाजात ते आत गेलं नसणार. जाईचं एक फूल उंबऱ्यावर ठेवलं आणि परत स्टँडवर आलो. पारोळ्यापर्यंत मला डोळ्यांसमोर तुमचं दारच दिसत होतं.

कमलला सांगितलं. ती म्हणाली, “ऐकू गेलं नाही, म्हणजे दिलं नाही.” वर म्हणाली, “आयुष्यभर लोकांचं ऐकलंत, आपलं ऐकवायची वेळ आली तर गळा बसला.”

तिनं पऱ्हाट्या गावच्या अंगणात आणवून ठेवल्यात. काडीपेटी तिच्या कनवटीला आहे. गावात आवतन फिरलं आहे, दोनशे बारा घरांत. आता तुमचा होकार आला नाही तर मी लोकांना काय सांगू? त्या बाया त्या दिवशी सकाळी चूल पेटवणार नाहीत.

मी दुसऱ्यांदा यायला तयार आहे. एक शब्द लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल, कमलला ती होकार म्हणून दाखवीन.

भाईदास

---

मेहरूण
२३ नोव्हेंबर

लोटनभाऊ, दिपमाला,

आज दुपारी दुसरं कार्ड मिळालं. कमलनं ते चष्मा लावून दोनदा वाचलं, मग माझ्या हातात दिलं.

“काका, उंबऱ्यावर जाईचं फूल वरून पडत नाही, वेल उजव्या बाजूला आहे. तुम्ही आला होतात हे मला तेव्हाच कळलं. मला त्या दिवशीची भूक आठवत नाही. आठवतं ते हे : आवतन चूलबंद होतं म्हणून आईनं सकाळीच चूल सारवून ठेवली होती. शेणमातीचा जाड हात दिला होता. एरवी वेळ मिळत नसे. आम्ही घरी आलो तर चूल ओली होती. पेटेना. आई फुंकत राहिली आणि मी धुरानं रडले, भुकेनं नाही. शेवटी शेजारच्या आबेदाखालांकडून दोन पोळ्या आल्या. आबा म्हणतात, चार क्विंटल. — दिपमाला.”

सारवलेली चूल. चौदा वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चूलबंद म्हणताना आपण काय म्हणतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं, बायकांना एक दिवस आराम. त्या तर आपल्या शब्दावर चूल ओली करून बसतात.

आता गावातल्या दोनशे बारा चुली मला डोळ्यांसमोर दिसतात. सगळ्या घरांत गॅस आहे हे मला माहीत आहे. तरी दिसतात.

चार क्विंटल सांगितली. तीन नाही, साडेतीन नाही. व्यापारी म्हणाला, “भाईदासशेठ, उरतील.” मी म्हणालो, उरू दे.

पण बेटा, तू वांग्यांचं लिहिलंस, येण्याचं लिहिलं नाहीस. कमलला विचारलं, हा होकार धरायचा का? ती म्हणाली, “ज्याला यायचं नाही तो वांगी कशाला मोजेल?” काडीपेटी मात्र अजून तिच्याकडेच आहे. म्हणते, माणसं नजरेला पडल्यावर देईन.

मला झोप नाही. सव्वीसला सकाळची धुळ्याची पहिली गाडी अमळनेरवरून आपल्या चोपड्याला नऊला पोहोचते. मी स्टँडवर उभा असेन.

भाईदास

---

गाव, तालुका चोपडा
२७ नोव्हेंबर

लोटनभाऊ,

नीट पोहोचलात ना? डोळ्याला धूर लागला असेल. डॉक्टरनं विचारलं तर माझं नाव सांग.

काल बोलायला सवड झाली नाही. किंवा तू होऊ दिली नाहीस. गाडीतून काळा चष्मा लावून उतरलास, माझ्या रामरामावर नुसतं “वांगा कोठे शेत?” म्हणालास आणि गावात आल्यावर सरळ ढिगापाशी गेलास. अंगठ्यानं एकेक दाबून बघत होतास. कमलनं तुमच्याकडे पाहिलं, कनवटीची काडीपेटी काढली आणि माझ्या हातात न देता दिपमालाच्या हातात दिली. ते मला ठीक वाटलं.

आणि मग जाळापाशी तू म्हणालास, “भाईदास, ऐक रे, व्हयनं का?” पूर्वी हातगाडीवर म्हणायचास तसं. वांग्याच्या सालीचा आवाज आधी चरचर असतो, मग सुस्कारा टाकल्यासारखा होतो. मला काल काही ऐकू येईना. पाणी डोळ्यात होतं, कानाला काय झालं होतं कोण जाणे. मी उगाच “झालं” म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस आणि वांगी दोन मिनिटं आणखी ठेवलीस.

पहिल्या पंगतीत कमलनं तुमच्यासाठी केळीची तीन पानं मांडली होती. तू तिसरं पान बघितलंस, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीपुढे सरकवलंस. मी वाढत होतो. माझं लक्ष त्या पानाकडे होतं, भरीत तुझ्या पानाबाहेर पडलं. दिपमाला म्हणाली, “काका, सावकाश. आहे ना भरपूर?” मी म्हणालो, आहे. ती म्हणाली, “मग मला पातीचा भाग वाढा.” तिनं दोनदा मागून घेतलं. मी मोजलं, हे तिला सांगू नकोस.

मागची खोली उघडीच होती. आत काही ठेवलं नव्हतं. तू हात धुवायला जाताना तिथं क्षणभर थांबलास, हेही मी पाहिलं.

मग दोन वाजता तू ओढ्यापलीकडे बोट केलंस. “तो धूर कोठला?” एका डोळ्यानं तुला दिसला, दोन डोळ्यांच्या आम्हा कोणाला दिसला नव्हता. मी म्हणालो, केळी कापायला आलेली सातपुड्यातली माणसं आहेत, मळ्यात तंबू टाकून राहतात, ती गावात धरलेली नाहीत. मोजलेली नाहीत. तू म्हणालास, “तीन दगडनी चूल बी चूलच शे ना?”

सरपंचानं माझ्याकडे पाहिलं. मी व्यापाऱ्याचं ‘उरतील’ आठवलं, आणि दिपमालाला पाठवलं. ती गेली, त्यांच्याशी काय बोलली माहीत नाही, पण जाळावर पाणी ओतून सगळी आली. धूर बघून आपण तीस-चाळीस धरली होती. पंचाऐंशी आली, कडेवरची वेगळी. त्यांची पंगत बसली तेव्हा तुमच्या गाडीची वेळ झाली होती. तू घाईत निघालास. म्हणून पुढचं तुला माहीत नाही, ते लिहितो.

त्यांनी पोटभर खाल्लं. एक बाई भाकरीला हात लावून बघत होती, मग तोडत होती. त्यानंतर भाकरी थापणाऱ्या बाया बसल्या, मग वांगी भाजणारी माणसं. सगळ्यांना पुरलं. शेवटचं पातेलं मीच पुसून दिलं. ओढ्यापलीकडे धूर नव्हता, गावात नव्हता. लोक जाताना पाया पडत होते, मी मान हलवत होतो.

मग अंगणात मी नि कमल उरलो. तिनं टोपली उलटी केली, मी पातेलं तिरकं करून पाहिलं. ती पहाटेपासून उपाशी होती, ऑपरेशनचं पोट, गोळी जेवल्याशिवाय घेता येत नाही.

सव्वापाचला आमच्या घरची चूल पेटली. धूर गावभर दिसला. पिठलं केलं.

भाईदास